औषधाची गोळी आणि मनाची घडण

वार्षिक अहवालात बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, प्रयोगशाळेत किती चाचण्या झाल्या, यांचे आकडे देण्याची प्रथा आहे आणि याही अहवालात ते अन्य पृष्ठांवर दिलेले आहेत. परंतु तपासून, चिठ्ठी घेऊन घरी गेलेल्या रुग्णाने पुढे ते औषध घेतले किंवा कसे, यासाठी रुग्णालयांच्या अहवालांत सहसा रकाना नसतो. तो असता तर तो वाचावयास फारसा सुखद ठरला नसता. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन औषधोपचारांतील सातत्याविषयी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. दीर्घ मुदतीच्या आजारांत सांगितल्याप्रमाणे औषधोपचार चालू ठेवण्याचे प्रमाण विकसित देशांतसुद्धा सरासरी पन्नास टक्केच आहे आणि विकसनशील देशांत ते त्याहूनही कमी आहे, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. याचा सरळ अर्थ असा की, अचूक निदान झाले, योग्य औषध लिहून दिले गेले, ते दुकानातून विकतही आणले गेले, तरी उपचाराचा मोठा भाग घरातील फडताळात पडून राहतो.

अशा रुग्णाविषयी आपल्याकडे ठरलेली विशेषणे आहेत. हलगर्जी, अडाणी, ऐकत नाही, स्वतःच्या जिवाची पर्वा नाही. नातेवाईक ती रुग्णासमक्ष उच्चारतात आणि रुग्णही मान खाली घालून ती मान्य करतो. वास्तविक पाहता उच्चशिक्षित, हिशेबी, कार्यालयात एकही कागद इकडचा तिकडे होऊ न देणारी माणसेही रक्तदाबाची गोळी विसरतात. घसा बरा वाटू लागताच पाच दिवसांच्या प्रतिजैविकाचा डोस तिसऱ्या दिवशी बंद करणाऱ्यांत तर वैद्यकीय क्षेत्रातील मंडळीही आढळतात. तेव्हा हा दोष स्वभावाचा म्हणून सोडून देण्याऐवजी, माणसाचे मन ऐकलेली गोष्ट कशी साठवते, तिच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवते आणि ठरवलेली गोष्ट वेळ आल्यावर कशी करते किंवा करत नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. मानसशास्त्राने या प्रश्नांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बराच अभ्यास केलेला आहे. त्यातील रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना प्रत्यक्ष वापरता येईल असा भाग येथे मांडत आहोत.

एक गोष्ट मात्र आरंभीच स्पष्ट करावयास हवी. पैसे संपले म्हणून ज्याची गोळी थांबली, त्याला स्मरणशक्तीचे पाठ देणे ही क्रूर थट्टा होईल. औषध परवडत नसल्यास ते डॉक्टरांना किंवा समाजसेवा विभागास निःसंकोचपणे सांगावे. त्याच घटकद्रव्याचे स्वस्त जेनेरिक औषध पुष्कळदा उपलब्ध असते. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना तर दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे. तसेच औषधाने मळमळ, खोकला किंवा चक्कर असा त्रास होतो म्हणून ते बंद केले असेल, तर त्याचा उपाय औषध बदलणे हा आहे. यापुढील विवेचन आहे ते औषध घरात असूनही पोटात न जाणाऱ्या रुग्णांविषयी.

ऐकलेले किती उरते

नेदरलंड्समधील मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ साली, रुग्णांना डॉक्टरांचे बोलणे किती आठवते याविषयीच्या संशोधनाचा आढावा घेतला. वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण तत्काळ विसरतात, असे त्यात दिसून आले. जे आठवते, त्यातीलही जवळजवळ निम्मे चुकीचे आठवते. सांगितलेली माहिती जितकी अधिक, तितके विसरण्याचे प्रमाणही अधिक.

हे ऐकून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत स्वतःलाच निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करावयास लावल्या आणि ठरावीक अंतराने त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे मोजले. तासाभरात निम्म्याहून अधिक पाठांतर गळून गेले होते. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश उरले होते, महिन्यानंतर साधारण एक पंचमांश. विसरण्याचा वेग आरंभी सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. डॉक्टरांची सूचना अर्थातच निरर्थक अक्षरांसारखी नसते. परंतु प्रथमच कानावर पडणारी चार औषधांची इंग्रजी नावे आपल्या एखाद्या आजींच्या दृष्टीने त्याहून फार निराळी नसतात.

त्यातच मनाचा तात्कालिक साठा लहान असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही मर्यादा सुमारे सात घटकांची असल्याचे मांडले होते. नेल्सन कोवान यांच्या २००१ सालच्या मांडणीनुसार ती आणखी कमी, चारच्या आसपास आहे. आता मधुमेह व रक्तदाब असलेल्या एखाद्या रुग्णाच्या एका भेटीत काय काय सांगितले जाते ते मोजून पाहावे. चार औषधे, त्यांपैकी एक उपाशीपोटी, दोन जेवणानंतर, एक रात्री झोपताना. मीठ कमी, गोड बंद, रोज चालणे, पायांची काळजी. पंधरा दिवसांनी रक्ततपासणी, तीही जेवणाआधी आणि जेवणानंतर. पुढील भेटीची तारीख. ही बारा-तेरा कलमे पाच-सात मिनिटांत सांगून होतात. बाहेर पुढचा रुग्ण दारात उभा असतो. शिवाय रुग्ण भ्यालेला असतो. “साखर निघाली आहे” हे तीन शब्द कानी पडल्यावर मन तेथेच अडकते आणि नंतरची वाक्ये नुसती कानांवरून जातात.

यावर उपाय साधे आहेत आणि त्यांतील काही रुग्णाच्याही हाती आहेत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फिलिप ले यांनी डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संभाषणाचा अनेक वर्षे अभ्यास केला. आरंभी सांगितलेली गोष्ट अधिक लक्षात राहते, वर्गवारी करून सांगितलेली गोष्ट अधिक लक्षात राहते आणि मोघम सल्ल्यापेक्षा नेमका सल्ला अधिक लक्षात राहतो, असे त्यांना आढळले. “मीठ कमी करा” हा मोघम सल्ला झाला. त्याने स्वयंपाकघरात काहीच बदलत नाही, कारण प्रत्येक गृहिणीच्या मते आपल्या घरी मीठ कमीच असते. “पानात वरून मीठ घ्यायचे नाही, लोणचे आणि पापड आठवड्यातून एकदाच” हे सांगितले, तर ते पाळताही येते आणि पाळले गेले की नाही हे पाहताही येते. म्हणून डॉक्टरांनी मोघम सांगितले असे वाटल्यास “म्हणजे नेमके काय करायचे?” असे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

दुसरा उपाय उलट सांगण्याचा. सूचना संपल्यावर डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने “समजले ना?” असे विचारले, तर उत्तर नेहमी “हो” असेच येते. मोठ्या माणसापुढे नाही म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. त्याऐवजी “आजी, घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?” असे विचारले की, काय पोहोचले आणि काय वाटेत सांडले ते लगेच कळते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे मधुमेही रुग्णांच्या ६१ भेटींचे ध्वनिमुद्रण अभ्यासून २००३ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांपैकी केवळ १२ भेटींत डॉक्टरांनी रुग्णाला नवी गोष्ट समजली आहे किंवा नाही, याची खातरजमा केली होती. ज्यांच्याबाबत ती झाली, त्या रुग्णांची साखर अधिक आटोक्यात असल्याचेही आढळले. कोणी विचारले नाही, तरी रुग्णाने स्वतःहून “मी एकदा सांगून बघतो, बरोबर आहे का ते सांगा” असे म्हणावयास हरकत नसावी.

याच ओघात चिठ्ठीवरील त्या प्रसिद्ध सांकेतिक भाषेविषयीही सांगितले पाहिजे. “१-०-१” म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हे लिहिणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले असते. वाचणाऱ्याला मात्र ते कोणी तरी एकदा तरी उलगडून सांगावे लागते. औषधाच्या पाकिटावरच स्केचपेनाने सूर्य आणि चंद्र काढून घेण्याची युक्ती बाळबोध वाटली तरी ती उत्तम आहे. वाचता न येणाऱ्यास तिचा आधार होतो आणि वाचता येणाऱ्याचाही चष्मा दर वेळी हाताशी असतोच असे नाही.

त्रास नाही, मग गोळी कशाला?

सूचना पूर्णपणे लक्षात असूनही औषध बंद होते, तेव्हा प्रश्न स्मरणाचा नसून समजुतीचा असतो. प्रत्येक माणसाजवळ आपल्या आजाराविषयी स्वतःची अशी एक कथा असते. तीत आजार का झाला, तो किती दिवस टिकणार आणि तो आहे हे कशावरून ओळखायचे, या सर्वांची उत्तरे असतात. ही कथा डॉक्टरांच्या कथेशी जुळली नाही, तर माणूस नकळत आपल्या कथेप्रमाणे वागतो.

उच्च रक्तदाब हे याचे नमुनेदार उदाहरण होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेन्थल व त्यांचे सहकारी यांनी या रुग्णांचा अभ्यास करून १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तदाब वाढला आहे हे माणसाला स्वतःला कळू शकत नाही, हे विधान बहुतेक रुग्णांना मान्य होते. मात्र ‘माझा वाढला की मला कळतो’ असेही त्यांच्यातील बहुतेकांचे म्हणणे होते. डोके जड झाले, मान आखडली, चेहरा गरम वाटला की रक्तदाब वाढला, एरवी तो ठीक आहे, अशी ती समजूत. अशा समजुतीचा माणूस डोके जड वाटेल त्या दिवशी गोळी घेतो आणि हलके वाटेल त्या दिवशी घेत नाही. त्याच्या दृष्टीने तो विचारपूर्वकच वागत असतो.

आपल्याकडे या समजुतीला आणखी एक जोड आहे. औषध म्हणजे ताप, जुलाब, जखम यांवर काही दिवस घ्यावयाची वस्तू, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा. ‘कोर्स पूर्ण झाला’ हा शब्दप्रयोग घराघरांत रुळला तो त्यातूनच. रक्तदाब मोजला, तो नेहमीसारखा निघाला, म्हणजे कोर्स पूर्ण झाला आणि आता गोळीची सवय नको, असे अनेकांना मनापासून वाटते. तो आकडा गोळीमुळे खाली आलेला आहे, गोळी थांबली की तो पुन्हा चढेल, हे त्या क्षणी ध्यानात येत नाही. येथे समजावण्याचा सूर महत्त्वाचा ठरतो. रुग्णाला आधी त्याची कथा सांगू द्यावी. “तुम्हाला कशावरून कळते?” असे विचारून, ज्या दिवशी त्याला अगदी बरे वाटते आहे, त्याच दिवशी त्याच्यासमोर रक्तदाब मोजून दाखवावा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक आकडा दहा उपदेशांचे काम करतो. अपस्मारासारख्या काही आजारांत तर औषध एकाएकी थांबवणे धोक्याचे असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांविषयीही तेच खरे आहे. तेव्हा बंद करण्याचा विचार मनात आला, तरी तो अमलात आणण्यापूर्वी विचारावे.

भीती घालून काय होते

समजूत पटत नाही असे दिसले की आपण भीतीकडे वळतो. पाय कापावा लागेल, डोळे जातील, अर्धांग होईल. या गोष्टी खोट्या नाहीत. अनियंत्रित मधुमेहात व रक्तदाबात त्या घडतात आणि रुग्णाला त्यांची माहिती दिलीच पाहिजे. परंतु भीती एकटी किती काम करते, याचे मोजमाप लेव्हेन्थल यांनीच १९६५ साली येल विद्यापीठातील एका प्रयोगात केले होते. विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयीची पुस्तिका वाचावयास दिली गेली. काहींच्या पुस्तिकेतील वर्णन सौम्य होते, काहींच्या पुस्तिकेतील भयावह. भयावह वर्णन वाचणारे अधिक घाबरले आणि लस घेण्याचा त्यांचा इरादाही अधिक पक्का असल्याचे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात लस घेण्याच्या बाबतीत मात्र या दोन गटांत फरक पडला नाही.

फरक पडला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. काही विद्यार्थ्यांना पुस्तिकेबरोबर विद्यापीठाचा एक नकाशा दिला होता. आरोग्य केंद्र कोठे आहे ते त्यावर दाखवलेले होते आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात तेथे जाण्याची सोयीची वेळ कोणती, याचा विचार करण्यास त्यांना सांगितले होते. नकाशा न मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के विद्यार्थ्यांनी लस घेतली, नकाशा व वेळेचा विचार मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्के. आरोग्य केंद्र कोठे आहे हे त्या विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते, असे नाही. ते शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते. ‘घ्यायला हवी’ हे वाटणे आणि ‘गुरुवारी तास संपल्यावर, वाचनालयाकडे जाताना घेईन’ हे ठरणे, या दोहोंमध्ये जे अंतर असते, ते त्या नकाशाने भरून काढले.

थोडी भीतीही लागते, हे येथे नमूद करावयास हवे. पुस्तिका न वाचता केवळ नकाशा मिळालेल्या गटातील कोणीही लस घेतली नव्हती. मात्र आपल्या घरांत भीतीचा पुरवठा मुबलक असतो. तुटवडा असतो तो नकाशाचा.

‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’

हाच धागा पुढे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी विकसित केला. ‘मी नियमित व्यायाम करीन’ या प्रकारच्या संकल्पाला त्यांनी ध्येयाचा संकल्प म्हटले आणि ‘जेव्हा अमुक घडेल तेव्हा मी तमुक करीन’ या प्रकारच्या संकल्पाला कृतीचा संकल्प. याविषयीचा त्यांचा गाजलेला निबंध १९९९ सालचा आहे. पुढे २००६ साली त्यांनी पास्कल शीरन यांच्यासमवेत अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या संकल्पाचा परिणाम बऱ्यापैकी मोठा असल्याचे दिसले. अर्थात ही जादूची कांडी नव्हे. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीत फ्लूच्या लशीची पत्रे पाठवताना, काही कर्मचाऱ्यांच्या पत्रांवर ‘तारीख व वेळ येथे लिहा’ अशी मोकळी जागा ठेवली होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लस घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. वाढ लहान आहे. पण तिला खर्च आला तो कागदावरील दोन ओळींचा.

या युक्तीचे मर्म असे. भविष्यात करावयाची गोष्ट आठवणे हे स्मरणाचे एक वेगळेच काम आहे. आइनस्टाइन व मॅकडॅनियल (हे आइनस्टाइन ते भौतिकशास्त्रज्ञ नव्हेत) यांनी १९९० च्या सुमारास त्याचे दोन प्रकार दाखवून दिले. ‘आठ वाजता गोळी घ्यायची’ हे घड्याळावर अवलंबून असलेले स्मरण झाले. त्यात आठ वाजले आहेत हे आपले आपणच तपासत राहावे लागते. ‘चहाचा कप विसळून ठेवला की गोळी घ्यायची’ हे घटनेवर टांगलेले स्मरण झाले. त्यात रिकामा कपच आठवण करून देतो. घड्याळावरचे स्मरण अधिक कष्टाचे असते आणि वाढत्या वयात तेच अधिक दगा देते, असे सामान्यतः आढळते.

म्हणून गोळीसाठी खुंटी शोधावी. ती रोज न चुकता घडणारी, ठरावीक जागी घडणारी आणि आपल्या स्वतःच्या हातून घडणारी असावी. दात घासणे, दूध तापवणे, देवापुढे सांजवात लावणे, झोपण्यापूर्वी दाराला कडी घालणे, या सर्व चांगल्या खुंट्या आहेत. गोळ्यांचे पाकीट त्या खुंटीपाशीच ठेवावे. कपाटातील वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, फाइलींच्या मागे ठेवलेले औषध मनातूनही तितकेच मागे जाते. मात्र घरात लहान मुले असल्यास त्यांच्या हाती लागणार नाही अशी उंची पाहावी. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यावयाची असल्याने तिला चहानंतरची खुंटी चालणार नाही. तोंड धुण्याची खुंटी तिला योग्य. हा मेळ डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून बसवावा.

‘जेवणानंतर’ ही चिठ्ठीवरील सर्वांत प्रचलित खुंटी आपल्याकडे दिसते तितकी मजबूत नाही. ज्या घरात आठवड्याला एक वार, महिन्याला दोन एकादश्या आणि एक संकष्टी पाळली जाते, तेथे त्या दिवशी जेवणच नसते, किंवा ते चंद्रोदयानंतर होते आणि संकष्टीचा चंद्रोदय बहुधा रात्री नऊच्या सुमारास. मग गोळीचे काय करायचे? काही रुग्ण उपवास म्हणून गोळी सोडतात. काही ती रिकाम्या पोटी घेतात. मधुमेहाच्या काही औषधांनी अशा वेळी रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. नवरात्राचे नऊ दिवस आणि चातुर्मासातील नेम यांचाही विचार आधी व्हावयास हवा. ‘माझे अमुक उपवास असतात, त्या दिवशी काय करू?’ हा प्रश्न तपासणीच्या वेळी विचारण्यास पुष्कळ जण संकोचतात. डॉक्टर उपवास मोडावयास सांगतील, अशी धास्ती असते. वस्तुतः बहुतेक वेळा काही ना काही मार्ग निघतो. लग्नसराई, गावची जत्रा, पंढरीची वारी, दिवाळीत मुलीकडे मुक्काम, अशा प्रसंगी तर घरच्या सगळ्याच खुंट्या एकदम निखळतात. त्यासाठी प्रवासाच्या पिशवीत चार दिवसांच्या गोळ्या कायमच्या वेगळ्या ठेवणे बरे. त्यांची मुदत मात्र अधूनमधून पाहावी.

आणखी एक अडचण वारंवार पुढे येते. ‘गोळी घेतली की नाही तेच आठवत नाही.’ रोजची कृती इतकी सारखी असते की कालची आणि आजची आठवण एकमेकींत मिसळून जाते. यावर सात कप्प्यांचा डबा हा नामी उपाय आहे. आपल्या मिसळणाच्या डब्यासारखाच, पण प्रत्येक कप्प्यावर वाराचे नाव. कप्पा रिकामा असेल तर गोळी पोटात गेली आहे, स्मरणाला त्रास देण्याचे कारण नाही. शंका आली म्हणून पुन्हा एक गोळी घेऊ नये. विसरलेली गोळी उशिरा घ्यावी की तो डोस सोडून द्यावा, हे औषधागणिक बदलते. ते आधीच विचारून पाकिटावर लिहून ठेवावे.

एकवीस दिवसांची दंतकथा

कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते, असे सर्वत्र सांगितले जाते. या समजुतीचा उगम बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० सालच्या लोकप्रिय पुस्तकात आहे. माल्ट्झ हे प्लास्टिक सर्जन होते आणि शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय होण्यास रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातील ‘निदान’ हा शब्द पुढे गळून पडला आणि चेहऱ्याविषयीचे निरीक्षण सर्व सवयींना लागू झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना बारा आठवडे रोज एक नवी कृती ठरावीक प्रसंगी करावयास सांगून प्रत्यक्ष पाहणी केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कृती आपोआप होऊ लागण्यास मध्यम प्रमाणाने ६६ दिवस लागत असल्याचे दिसले. व्यक्तीव्यक्तींतील तफावत मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होती.

रुग्णाच्या दृष्टीने या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा येत नाही. आपल्याकडे नेमाची कल्पना व्रताशी जोडलेली आहे आणि व्रत एकदा मोडले की ते मोडलेच, असा आपला भाव असतो. तोच भाव औषधाला लागू झाला, तर दोन दिवस चुकलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी ‘आता काय उपयोग’ म्हणून पाकीटच बाजूला ठेवतो. औषध हे व्रत नव्हे. चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस हा नेहमीसारखाच दिवस असतो.

कोणी तरी पाहत आहे

या विषयावरील एक महत्त्वाचे काम आपल्याच देशात झालेले आहे. मद्रास (आताचे चेन्नई) येथे १९५६ साली क्षयरोगाच्या औषधोपचारांचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेल्या आणि १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामात राहणाऱ्या रुग्णांइतकेच चांगले बरे होऊ शकतात, हे दाखवून दिले. गरीब देशांतील असंख्य रुग्णांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. परंतु घरी दिलेल्या गोळ्या नियमितपणे घेतल्या जात नाहीत, हेही त्याच केंद्राच्या ध्यानात आले आणि त्यातून आरोग्यसेवकाच्या नजरेसमोर औषध देण्याच्या पद्धतीचा अभ्यास तेथे पुढे झाला. १९९७ पासून भारतात टप्प्याटप्प्याने राबवली गेलेली आणि २००६ पर्यंत सर्व देशभर पोहोचलेली ‘डॉट्स’ पद्धती याच विचाराची वारस होय.

तथापि कोणी तरी समोर बसून पाहिले की झाले, इतके ते सोपे नाही. पुढे निरनिराळ्या देशांत झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत केवळ नजरेखाली गोळी देण्याचा लाभ सर्वत्र दिसून आला नाही. आमच्या मते, पाहणारा मनुष्य पहारेकरी आहे की सोबती, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. घरातही हाच भेद दिसतो. “घेतली का गोळी?” हा प्रश्न दिवसातून तीनदा, चढत्या आवाजात विचारला गेला की वडीलधारा रुग्ण केवळ तो प्रश्न थांबावा म्हणून “घेतली” असे सांगू लागतो आणि मग खरी परिस्थिती कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा नातवाने रात्री डब्यातील कप्पा पाहणे आणि रिकामा असल्यास दिनदर्शिकेवर खूण करणे, हे दोघांनाही मानवते. आजोबा-आजी दोघांनाही गोळ्या असतील तर त्यांनी एकाच वेळी, एकमेकांना पाणी देत त्या घेणे, ही तर सर्वांत उत्तम व्यवस्था.

पुढील तपासणीस येताना जुन्या चिठ्ठीबरोबर गोळ्यांची सर्व पाकिटे, अर्धी राहिलेली आणि न उघडलेलीसुद्धा, पिशवीत घालून आणावीत, अशी आमची विनंती आहे. उरलेल्या गोळ्या पाहून रुग्णाला बोल लावण्याचा त्यात हेतू नाही. औषध घेऊनही रक्तदाब उतरत नाही, असे समजून डॉक्टर मात्रा वाढवतात आणि प्रत्यक्षात पहिलीच मात्रा पोटात गेलेली नसते, असे घडू शकते. मग वाढवलेली मात्रा रुग्ण एखाद्या महिन्यात प्रामाणिकपणे घेतो आणि चक्कर येऊन पडतो. पाकिटात किती गोळ्या उरल्या आहेत, एवढे समजले तरी हे टळू शकते.